एका हातानं मिटणारा चाकू

अमीनभाईंचा फोन आला तेव्हा मी भोरच्या कोर्टाच्या पायऱ्या उतरत होते. मोबाईलला रेंज धड नव्हती. "वकीलबाई... आपला ज्ञानोबा..." एवढंच ऐकू आलं आणि पुढे नुसती खरखर. पण अमीनभाई कधी फोन करत नाहीत. काही सांगायचं असलं तर दुकानाची फळी लावून, रमतगमत चालत येतात. त्यामुळे पुढचं ऐकावं लागलंच नाही. मी तिथेच पायरीवर बसले. लेकीला भेटायला हिर्डोशीकडे निघालेल्या ज्ञानोबाभाऊंना एसटीतच छातीत कळ आली होती. ड्रायव्हरनं गाडी तशीच दवाखान्याकडे फिरवली, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. या गोष्टीला आता काही आठवडे उलटले. मधल्या काळात मी दोन-तीनदा लिहायला बसले आणि उठले. माणूस डोळ्यांसमोर इतका धडधाकट उभा राहतो, की त्याच्याबद्दल 'होते' असं लिहायला हात धजावत नाही.

ज्ञानोबा पारठे वीजखात्यात वायरमन होते. वरंधा घाटाकडची लाइन त्यांच्याकडे. ज्यांनी तो मुलूख पाहिलाय त्यांना सांगायला नको, की तिथे पावसाळ्यात तार तुटली तर ती शोधायला माणूस चालतच जातो. खाचरांच्या बांधांवरून, ओढे ओलांडत, खांब मोजत. ज्ञानोबाभाऊ असे वर्षानुवर्षं चालले. वाड्यावस्त्यांवरचे लोक त्यांना नावानं कमी आणि 'लाइटवाले' म्हणून जास्त ओळखायचे. अशाच एका पावसाळ्यात, लाइन बंद करून ते खांबावर चढले असताना तारेत कुठून तरी वीज आली. कुठून आली ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कुणाच्या तरी जनरेटरची असावी, असं म्हणतात. जीव वाचला, पण डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला. पुण्याच्या इस्पितळातून परत आले ते भोरच्या ऑफिसात, तक्रारींचा फोन घ्यायच्या टेबलावर. "डोंगरातनं उतरवून खुर्चीत बशिवला मला," असं ते हसत हसत म्हणायचे. पण खुर्चीत त्यांचं मन रमत नव्हतं, हे फोन करणाऱ्या प्रत्येकाला कळायचं. अमुक खांबाजवळ आंब्याची फांदी घासते, तिथे आधी बघा, असं ते इथे बसून सांगायचे आणि फांदी खरोखर तिथेच असायची.

हात गेल्यावर सगळ्यात जास्त कशाची अडचण झाली, असं मी त्यांना पुढे एकदा विचारलं होतं. मला वाटलं, शर्टाची बटणं म्हणतील. ते म्हणाले, "चाकूची." वायरमनच्या खिशात चाकू असतोच. तारेचं रबर सोलायचं, दोरी कापायची, वाटेत पेरू मिळाला तर कापून खायचा. मिटणारा चाकू उघडायला मात्र दोन हात लागतात. एका हातात मूठ, दुसऱ्याच्या नखानं पातं ओढायचं. ज्ञानोबाभाऊ दातानं ओढून बघायचे आणि पारूवहिनी ओरडायच्या. असेच एका जत्रेत फिरताना त्यांना बटणाचा चाकू दिसला. बटण दाबलं की पातं खट्कन बाहेर. त्यांनी तो घेतला, जत्रेच्या कडेला एका दगडावर बसले आणि आपल्या हातानं काकडी कापून खाल्ली. "काय सांगू बाई, त्या काकडीला काय चव हुती..." हे सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा.

ही चव फार दिवस टिकली नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. निवडणुका जवळ आल्या होत्या आणि शस्त्रबंदीचा आदेश लागला होता. भोरच्या एसटी स्टँडवर पोलीस पिशव्या तपासत होते. ज्ञानोबाभाऊंच्या खिशात बटणाचा चाकू निघाला आणि त्यांना पोलीस ठाण्यात नेण्यात आलं. त्यांच्या ऑफिसातल्या एकानं मला बोलावलं. मी तेव्हा वकिलीत नवी होते. गेले तर एक उंच, सावळा माणूस बाकड्यावर ताठ बसलेला. शर्टाची डावी बाही घडी घालून पिनेनं टाचलेली. मला बघून उठले आणि म्हणाले, "बाई, म्या काय कुणाला मारायला घेतला न्हाई. मला एका हातानं उघडणारा पायजे हुता. दुसरा मिळंना." ठाणे अंमलदारालाही वाईट वाटत होतं. पण बटणाचा चाकू, तोही अशा दिवसांत... गुन्हा दाखल झाला.

ज्ञानोबाभाऊंच्या डोक्यावर तेव्हा खरी टांगती तलवार होती ती नोकरीची. शिक्षा झाली तर खातं ठेवणार नाही. घरात लेक लग्नाची, मुलगा शिकतोय. कोर्टात त्यांनी आडवळणानं काही सांगायला नकार दिला. 'हा माझा चाकू नाही' असं म्हणून बघा, असं त्यांना सुचवणारे शहाणे भेटले होते. ते म्हणाले, "माझाच हाय की. माझा न्हाई म्हणून कसं सांगू?" न्यायाधीशांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, ती टाचलेली बाही पाहिली आणि शेवटी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्यांना सोडलं. चाकू जप्त झाला, नोकरी वाचली. माझ्या लेखी काम संपलं होतं.

बाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी मला थांबवलं. आभारबिभार काही नाही. बशीत चहा ओतून, बशी बाकावर ठेवून, तिच्यावर फुंकर घालत म्हणाले, "आता मला सांगा, कायद्यात बसंल असा चाकू कसा असतो?"

मी म्हटलं, "भाऊ, आत्ताच सुटलात. कशाला पुन्हा त्या वाटेला जाता?"

"वाट माझी न्हाई का?" ते म्हणाले. "मला पेरू कापायचाय. सरकारची हरकत पेरूला न्हाई ना?"

मग मला सांगावंच लागलं. बटणानं किंवा स्प्रिंगनं उघडणाऱ्या चाकूला माफी नाही. पातं ठरावीक मापापेक्षा लांब किंवा रुंद नको. दोन्ही बाजूंनी धार नको, कट्यारीसारखं टोक नको. बघताक्षणी हे घरातलं, शेतातलं, कामाचं हत्यार आहे असं वाटायला हवं. आणि एवढं सगळं करूनही बंदीचा आदेश असेल तेव्हा तो घरीच ठेवायचा, कारण त्या दिवसांत तपासणाऱ्याच्या मनात काय येईल हे कुणी सांगू शकत नाही. त्यांनी एकेक गोष्ट मला परत म्हणून दाखवली, माझी खात्री पटेपर्यंत. नंतर म्हणाले, "म्हंजे एका हातानं उघडायला कायद्याची ना न्हाई. बटणाला ना हाय." हो, तसंच होतं.

तिथून ते थेट अमीनभाईंकडे गेले. अमीनभाईंचं दुकान म्हणजे भोरच्या बाजारातली एक अरुंद खोली. स्टोव्ह, कुलपं, छत्र्या, कात्र्या असं काहीही दुरुस्त होऊन मिळायचं. दोघं शाळेपासूनचे दोस्त. अमीनभाई आधी घाबरले होते. मला नंतर त्यांनीच सांगितलं, "बाई, त्याला हमीवर सोडला. माझ्या दुकानात चाकू बनताना कुणी बघितला तर मला कोण सोडणार?" ही भीती उगाच नव्हती आणि ज्ञानोबाभाऊंनाही ते कळत होतं. म्हणून त्यांनी एक अट स्वतःच घातली. जे करायचं ते दिवसा, दुकानाच्या पुढच्या फळीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. कुणी विचारलं तर सांगायचं, चाकू करतोय. आणि खरोखरच, ऑफिस सुटलं की ज्ञानोबाभाऊ तिथे बसलेले दिसायचे. मी जाता-येता थांबायची.

लोखंड कापायच्या मशीनच्या करवतीचं मोडकं पातं घासून त्यांनी पहिला चाकू केला. पात्याच्या पाठीजवळ एक बारीक घुंडी बसवली. मूठ हातात धरून अंगठ्यानं घुंडी ढकलली की पातं उघडायचं. स्प्रिंग नाही, बटण नाही. पण पातं ज्यावर फिरतं तो खिळा सैल ठेवला तर चाकू खिशातच उघडायचा. एकदा पँटचा खिसा फाडून मांडीला लागला. खिळा आवळला तर अंगठ्याला हलायचा नाही. अमीनभाईंनी यावर तोड काढली. जुन्या स्टोव्हच्या पितळी नळीचं एक कडं कापून त्यांनी मुठीच्या गळ्याशी बसवलं. कडं अंगठ्यानं फिरवलं की पातं मोकळं, उलटं फिरवलं की घट्ट. उघडलेलं असलं तर मिटणार नाही आणि मिटलेलं असलं तर झटका देऊनही उघडणार नाही. दोघं इतके खूश झाले, की त्या दिवशी मला रस्त्यावरून हाका मारून बोलावलं.

पण खरी अडचण उघडण्यात नव्हतीच, ती मिटण्यात होती. दोन हातांच्या माणसाला हे लक्षातही येत नाही. एका हातानं चाकू मिटायचा तर पात्याची पाठ मांडीवर दाबायची, आणि मुठीवरची बोटं नेमकी धारेच्या वाटेत येतात. एका संध्याकाळी घरी भाजी चिरून झाल्यावर ज्ञानोबाभाऊंनी चाकू मिटला आणि तर्जनी हाडापर्यंत कापली. रक्त थांबेना. पारूवहिनींनी फडकं गुंडाळलं, त्यांना दवाखान्यात नेलं, टाके घालून आणलं. मग घरी येऊन तो चाकू उचलला आणि नीरेच्या पुलावरून खाली फेकला. मी दुसऱ्या दिवशी भेटायला गेले. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमीच सांगा यांना. एक हात इजेनं नेला. ह्यो बी घालवायचा हाय का? मग मी भरवायचं, मीच धुवायचं... आणि यांनी काय करायचं?" ज्ञानोबाभाऊ भिंतीकडे बघत बसले होते. टाके घातलेला हात पुढ्यात उशीवर ठेवलेला. त्या हाताला जेवणाचा घासही उचलता येत नव्हता. सकाळी वहिनींनीच भरवलं होतं. मला वाटलं, संपलं हे खूळ.

टाके निघेपर्यंत त्यांनी चाकूचं नावही काढलं नाही. टाके निघाले त्या दिवशी ते दवाखान्यातून घरी आले आणि चुलीपुढे बसलेल्या वहिनींना म्हणाले, "पारू, तू फेकला ते बरं केलं. तो वाईटच हुता. आता मला चांगला करायचाय. कसा करू सांग." वहिनींनी भाकरी उलटली, पुन्हा उलटली. मग तिथंच पडलेलं खुरपं उचलून म्हणाल्या, "हे बघा. ह्याच्या बुडाला धार असती का? बुडानं कोण कापतंय? तुमी पार मुळापातूर धार लावून ठेवलीया."

एवढंच ते. पुढच्या चाकूत पात्याच्या बुडाशी बोटभर जागा बोथट ठेवली. मिटताना पातं आधी त्या बोथट जागेनं बोटाला टेकतं आणि थांबतं. मग बोटं बाजूला घ्यायची आणि उरलेलं मिटायचं. अमीनभाईंनी आधी डोळे मिटून, पुस्तकाच्या पुठ्ठ्याची खोटी बोटं लावून कितीदा तरी ते करून बघितलं. त्यानंतरच चाकू ज्ञानोबाभाऊंच्या हातात दिला. वहिनी समोर उभ्या होत्या. त्यांनी उघडला, मिटला. पुन्हा उघडला, पुन्हा मिटला. वहिनींनी हात पुढे करून चाकू घेतला, धार पाहिली, बूड पाहिलं आणि परत दिला. त्यांची परवानगी मिळाली. पात्याचं टोक गोल केलं होतं. मूठ बाभळीची, तिला पिवळाधम्मक ऑइलपेंट. पिवळा का, तर ज्ञानोबाभाऊ म्हणाले, "गवतात पडला तर घावंल. आन् लपवलेलं न्हाई, हे बघणाऱ्याला लांबनं कळंल."

हा चाकू चालेल ना, हे विचारायला ते तो घेऊन पोलीस ठाण्यात निघाले तेव्हा मी विरोध केला. असं कुणी लिहून देत नसतं, उलट नसती भानगड व्हायची, असं मी समजावलं. "लिहून नको, बघून सांगू द्या," ते म्हणाले. शेवटी मीही बरोबर गेले. साहेबांनी चाकू हातात घेतला, मनगटाला जोरात झटका दिला. उघडला नाही. पुन्हा दिला. मग ज्ञानोबाभाऊंनी कडं कसं फिरवायचं ते दाखवलं. साहेबांनी गोल टोकावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "अहो, याला टोकच नाही. यानं काय करता?"

"पेरू खातो, साहेब."

साहेब हसले नाहीत. टेबलावरची पेन्सिल घेतली, तिला टोक काढलं, चाकू मिटायचा प्रयत्न केला. बुडाची बोथट जागा बोटाला लागली तसे थांबले, आणि त्यांना ते उमजलं. त्यांनी एकदा त्या बाहीकडे पाहिलं. "मी कागद देणार नाही," ते म्हणाले, "आणि आदेश असेल तेव्हा हा खिशात दिसला तर जप्त करीन. एरवी यात मला वावगं दिसत नाही." ज्ञानोबाभाऊंनी उठून सलाम केला, अगदी खात्यातल्यासारखा. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "जरा बसू या बाई." आम्ही पिंपळाच्या पारावर बसलो.

पुढे किकवीच्या फाट्यावर एसटी थांबवून तपासणी झाली, तेव्हा एका शिपायानं तो पिवळा चाकू खिशातून काढला, उलटासुलटा केला आणि "घ्या काका" म्हणून परत दिला. तेवढं सांगायला ज्ञानोबाभाऊ माझ्या घरी आले होते. 'काका' हा शब्द त्यांनी दोनदा सांगितला.

मग माणसं येऊ लागली. कडबाकुट्टीत हात गेलेले, गिरणीच्या पट्ट्यात बोटं गेलेले. कुठून कुठून पत्ता काढत यायचे. ज्ञानोबाभाऊ आधी त्यांचा हात बघायचे, वैद्य नाडी बघतात तसा. कुणाचा अंगठा आखूड, कुणाच्या मुठीत जोर नाही. त्याप्रमाणे घुंडी आणि मूठ बदलायची. वेल्ह्याकडे गड चढायला येणारी पुण्याची पोरंही यायची. त्यांना टोकदार पातं हवं असायचं. "दिसायला भारी पाहिजे," असं एक जण म्हणाला. ज्ञानोबाभाऊंनी त्याला शांतपणे दाराबाहेर नेऊन जत्रा कुठल्या महिन्यात असते ते सांगितलं.

या सगळ्यात मला पानशेतच्या सखूबाई जास्त आठवतात. धरणाजवळ त्यांची पिठलं-भाकरीची टपरी. त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. टपरी सून चालवायची आणि सखूबाई कोपऱ्यात बसून असायच्या. ज्ञानोबाभाऊंनी नेलेला चाकू त्यांनी डाव्या हातात घेतला, दोनदा खटपट केली आणि खाली ठेवला. घुंडी उलट्या बाजूला, कडं उलट्या दिशेनं. हा चाकू उजव्या हाताचा होता. परतीच्या एसटीत ज्ञानोबाभाऊ अस्वस्थ होते. डाव्या हाताचा चाकू करता येईल, पण तो पारखणार कसा? त्यांच्याकडे तो हातच नव्हता. "आजवर म्या माझ्या हाताला इचारून केलं," ते म्हणाले. "ह्यो कुणाला इचारू?"

अमीनभाईंनी डाव्या हातानं करून बघितलं, मीही बघितलं. पण आमचे डावे हात अडाणी. शेवटी ज्ञानोबाभाऊ रविवारी रविवारी पानशेतला जायला लागले. अर्धवट झालेला चाकू सखूबाईंच्या हातात द्यायचा, समोर बसायचं, त्यांचा अंगठा कुठे अडतो ते बघायचं आणि परत येऊन घासायचं. एका रविवारी मी बरोबर होते. टपरीत गिऱ्हाइकांची गर्दी. सखूबाईंनी कडं फिरवलं, घुंडी ढकलली. पातं उघडलं. त्यांनी सुनेकडे बघून हनुवटीनं खूण केली. सुनेनं खिळे ठोकलेली फळी आणली, तिच्यावर कांदा टोचून ठेवला. सखूबाईंनी तो सावकाश चिरला. जाड, वाकडे काप झाले. मग चाकू मांडीवर दाबून मिटला आणि जड जिभेनं सुनेला म्हणाल्या, "दुसरा... आण."

ज्ञानोबाभाऊ उठून धरणाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. कांदा डोळ्यांत गेला, असं म्हणाले. आम्ही बसलो होतो तिथून कांदा चांगला दहा हात लांब होता.

आता अमीनभाई एकटेच करतात. परवा त्यांच्या दुकानात एक तरुण मुठीचं माप देत होता आणि अमीनभाई त्याला बुडाची जागा समजावून सांगत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "ज्ञानोबा असता तर आधी हात बघितला असता. मलाबी आता बघता येतो थोडाफार."

तिथून मी पारूवहिनींकडे गेले. त्या घरात मी किती तरी वेळा बसले असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. त्या खोलीतली प्रत्येक वस्तू एका हाताची आहे. पेल्यासाठी भिंतीत लाकडी कोंदण. टॉवेल पिळायला नळाशेजारी आकडा. चुलीजवळ, बसल्या जागेवरून हात पोचेल अशा बेतानं, काडेपेटी खिळ्यांनी भिंतीला ठोकलेली. वहिनी चहा करायला बसल्या. डावा हात त्यांनी पदराखाली मांडीवर ठेवला होता, तो तसाच राहिला. उजव्या हातानं काडी काढली, भिंतीवरच्या पेटीवर ओढली, चूल पेटवली. त्याच हातानं आधण ठेवलं, साखरेच्या डब्याचं झाकण अंगठ्यानं उडवलं.

मी बघतेय हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी पदराखालून डावा हात बाहेर काढला, जरा वेळ त्याच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "लेक बी ओरडती मला. अगं, दोन हात हायेत तुला, म्हणती..." मग तो हात त्यांनी पुन्हा मांडीवर ठेवला आणि उजव्या हातानं माझ्यापुढे चहा सरकवला.